डोळ्याच्या पडद्याला लेझर झाल्यावर: पहिल्या तासापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

घरी निघण्याआधी फाइल उघडा आणि तुमच्या डोळ्याला नेमकं कोणतं लेझर केलंय ती ओळ शोधा. काय जपायचं, किती दिवस जपायचं आणि कशाला घाबरायचं, हे सगळं त्या एका ओळीवर ठरतं. 'पडद्याचं लेझर' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात. त्यामुळे ओळखीच्या कुणाला मिळालेला सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही. चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर तर यात येतच नाही. ते डोळ्याच्या पुढच्या काचेवर, म्हणजे बुबुळावर होतं. पडदा डोळ्याच्या आत, सगळ्यात मागे असतो.

पहिला प्रकार बॅराज लेझरचा. पडद्याला छिद्र पडलेलं असतं, तो कुठे फाटलेला असतो किंवा कडेचा भाग विरलेला असतो. त्याभोवती साधारण तीन ओळींत ठिपके मारून कुंपण घालतात, म्हणजे डोळ्यातलं पाणी छिद्रातून मागे शिरून पडदा सुटत नाही.

दुसरा पीआरपी, म्हणजे पॅन-रेटिनल फोटोकोॲग्युलेशन. डायबेटिसमुळे किंवा रक्तवाहिनी तुंबल्यामुळे पडद्याच्या मोठ्या भागाला रक्त कमी पडतं. उपाशी पडलेला तो भाग नवीन रक्तवाहिन्या मागवणारं रसायन सोडत राहतो. त्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त सांडतं. पीआरपीत मधला भाग वाचवून कडेचा पडदा ठिपक्याठिपक्यांनी शेकतात, म्हणजे त्याची ऑक्सिजनची मागणीच कमी होते. जुन्या पद्धतीत अर्ध्या मिलिमीटरचे १२०० ते १६०० ठिपके लागतात. एका दाबात अनेक ठिपके उमटवणाऱ्या नव्या मशीनवर प्रत्येक ठिपक्याची उष्णता कमी असते, म्हणून आकडा आणखी वाढतो. एवढं काम सहसा दोन-तीन सिटिंगमध्ये वाटून करतात.

तिसरा फोकल किंवा ग्रिड. मॅक्युला म्हणजे वाचायला, चेहरे ओळखायला लागणारा पडद्याचा मधला भाग. तिथली सूज उतरवण्यासाठी आजूबाजूला मोजके, बारीक ठिपके देतात.

तिन्हींमध्ये प्रकाश बहुतेक वेळा हिरवाच असतो, ५३२ नॅनोमीटरचा. तो बुबुळ आणि भिंग ओलांडून थेट मागे जातो आणि पडद्याखालच्या रंगद्रव्याच्या थरात शोषला जातो. तिथे उष्णता तयार होते, जागा पांढरी पडते आणि पुढच्या दिवसांत तिचा व्रण बनतो. हा व्रण हाच उपचार आहे. बॅराजमध्ये पडदा चिकटायला एक-दोन दिवसांत सुरुवात होते, पण पकड पुरी व्हायला १० ते १४ दिवस जातात. म्हणजे खुर्चीवरून उठता तेव्हा काम फक्त सुरू झालेलं असतं. (लेझर येण्याआधी, १९४० च्या दशकात, गेर्ड मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांनी हेच काम आरशांनी वळवलेल्या सूर्यप्रकाशानं करून पाहिलं होतं. ढग आले की उपचार बंद!)

पहिला तास

लेझर संपल्यावर त्या डोळ्यासमोर अंधारी येते, किंवा सगळ्यावर गुलाबी-जांभळट छटा दिसते. दृष्टी गेली असं वाटून लोक इथेच घाबरतात. लागोपाठ शेकडो तीव्र झोत पडल्यामुळे प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधलं रसायन तात्पुरतं संपलेलं असतं. ते परत भरायला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. तोवर बसून राहा. उठायचंच असेल तर सोबतच्या माणसाचा दंड धरा आणि पायऱ्या उतरताना कठडा सोडू नका, कारण एका डोळ्यावर अंतराचा अंदाज चुकतो.

दुसरी गोष्ट हाताची. बधिर करणाऱ्या थेंबांचा असर १५-२० मिनिटं असतो. लेझरच्या वेळी डोळ्यावर टेकवलेल्या लेन्सखालचं चिकट जेल पापण्यांवर वाळत असतं, त्यामुळे चोळावंसं वाटतं. चोळू नका. डोळा बधिर असताना बुबुळ खरचटलं तरी कळत नाही. कळतं ते संध्याकाळी, काचेचा कण गेल्यासारखं टोचायला लागल्यावर. स्वच्छ ओल्या कापसानं मिटलेल्या पापण्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, एकदाच पुसा आणि तो कापूस टाकून द्या.

बाहुली मोठी करायच्या थेंबांचा असर बहुतेकांत चार ते सहा तासांत ओसरतो, काहींचा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. तोवर उजेड बोचतो आणि जवळचं पुसट दिसतं. गॉगल लावा. एक डोळा ठीक आहे म्हणून त्या दिवशी गाडी चालवायला बसू नका. दुचाकी, सायकल, शिडी, धारदार यंत्रं, सगळंच दुसऱ्या दिवसावर ढकला.

काहींना लेझरआधी डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन देतात. त्यांची पट्टी सांगितलेल्या वेळेआधी काढू नये. भूल उतरेपर्यंत पापणी नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. एकाचे दोन दिसणंही काही तास चालतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

बॅराज आणि फोकलनंतर दुखणं बहुधा नसतं, असलं तर किरकोळ. पीआरपीनंतर डोळ्यामागे जड, बोथट ठणका आणि त्याच बाजूचं डोकं दुखणं नेहमीचं. लेझर चालू असताना काही ठिपके चटका बसल्यासारखे लागले असतील, तर तो तुमचा भित्रेपणा नव्हता. घड्याळातल्या ३ आणि ९ च्या रेषेत पडद्याखालून नसा जातात, त्यांच्यावर ठिपका पडला की झणझणतं. पुढच्या सिटिंगला डॉक्टरांना हे आधीच सांगा. ते ताकद, वेळ किंवा भुलीची पद्धत बदलू शकतात.

ठणक्यावर मोठ्या माणसांना ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी सहसा पुरते. गरज पडली तर सहा तासांनी दुसरी. लिव्हरचा आजार असल्यास आधी विचारा. मिटलेल्या डोळ्यावर थंड ओला रुमाल १० मिनिटं ठेवला तरी आराम पडतो, फक्त दाब नको. बोचरेपणा दुसऱ्या दिवशी कमी व्हायला हवा. वाढत गेला, पाणी थांबेना, उजेडाकडे बघवेना, तर बुबुळ खरचटलेलं असू शकतं. तेव्हा घरात पडलेले जुने थेंब घालत बसू नका, दाखवून या.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप टोचणं पूर्ण थांबेपर्यंत बंद. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या, इन्शुलिन, काचबिंदूचे थेंब नेहमीच्या वेळी चालू. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर स्वतःच्या मनानं कधीच थांबवू नका. त्या थांबल्यानं हृदयाला आणि मेंदूला असलेला धोका मोठा आहे.

थेंब घालायचे असतील तर

सगळ्यांना थेंब लिहून देतात असं नाही. दिले तर ते सहसा काही दिवसांपुरते, सूज आणि चुरचुर कमी करणारे असतात. बहुतेक जण थेंब चुकीचे घालतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

१. हात साबणानं धुवून कोरडे करा. बाटलीवर 'हलवून वापरा' असं असेल तर हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं.

२. मान मागे टाका, नाहीतर सरळ आडवे व्हा. एका बोटानं खालची पापणी ओढा म्हणजे खाली छोटीशी खळगी तयार होते. नजर वर छताकडे.

३. बाटली पापणीच्या दोन सेंटिमीटर वर धरून त्या खळगीत एकच थेंब टाका. एका थेंबातच डोळ्यात मावतं त्याहून जास्त औषध असतं. दुसरा थेंब गालावरून ओघळतो, बस्स. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, जंतू थेट बाटलीत जातात.

४. डोळा अलगद मिटा, आवळू नका. नाकाजवळचा कोपरा बोटानं एक ते दोन मिनिटं दाबून ठेवा. तिथली नळी नाकात उघडते. ती दाबली नाही तर औषध घशात उतरून कडू लागतं आणि डोळ्याच्या वाट्याला कमी येतं.

५. दुसऱ्या औषधाचे थेंब असतील तर किमान पाच मिनिटांनी.

थेंबांत स्टेरॉइड असेल तर ठरलेल्या दिवशी ते बंद झालेच पाहिजेत. बरं वाटतंय म्हणून महिनोन्‌महिने घालत राहिलात तर डोळ्यातला दाब चढू शकतो, आणि तो चढलेला कळत नाही.

पहिले दोन आठवडे

पडद्याच्या लेझरमध्ये कुठेही चीर नसते. तरीही लोक मोतीबिंदूच्या ऑपरेशनची सगळी पथ्यं इथे आणून बसवतात. डोक्यावरून अंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते, साबण डोळ्यात जाऊ दिला नाही म्हणजे झालं. टीव्ही, मोबाइल, वाचन यांनी व्रणाला काही होत नाही. पुसट दिसतं म्हणून कंटाळा येतो एवढंच. फक्त लेझर झालं असेल तर विमानप्रवासालाही हरकत नसते. पण पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत विमान आणि उंच घाट पूर्ण वर्ज्य. उंचीवर बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब धोक्याच्या पातळीला जातो. बुडबुडा असताना दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेची भूल घ्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांनाही सांगायलाच हवं.

बॅराजवाल्यांनी मात्र हे दोन आठवडे खरंच जपावेत. चालणं, ऑफिसचं काम दुसऱ्या दिवसापासून चालेल. जड वजन उचलणं, धावणं-उड्या, सूर मारणं, चेंडू किंवा कोपर डोळ्यावर बसू शकेल असे खेळ थांबवा. किती दिवस आणि किती कडक, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पडदा किती फाटला होता आणि छिद्राभोवती पाणी होतं का, यावर ते ठरतं. म्हणून निघताना मोघम 'जपा' ऐकून येऊ नका, तारीख विचारून घ्या.

बॅराजनंतर दोन गोष्टींनी लोक चक्रावतात. डोळ्यापुढे तरंगणारे ठिपके आधीसारखेच राहतात, आणि कडेला वीज चमकल्यासारखं अधूनमधून दिसत राहतं. लेझर बिघडलं असा याचा अर्थ नाही. ठिपके म्हणजे डोळ्यातल्या जेलमधल्या गाठींच्या सावल्या. चमक येते ती जेल पडद्याला ओढतं तेव्हा. लेझर छिद्राला कुंपण घालतं. जेलला हात लावत नाही. चमक हळूहळू काही आठवड्यांत, कधी महिन्यांत विरळ होते. बघायचं ते एवढंच, की ती आधीपेक्षा वाढतेय का.

पीआरपीवाल्यांच्या डोळ्यात आधीच रक्त सांडलेलं असेल तर झोपताना डोकं दोन-तीन उशांवर उंच ठेवा. रक्त तळाशी बसतं आणि मधली नजर लवकर मोकळी होते. नव्या वाहिन्या अजून आवळलेल्या नसतात तोवर जड उचलणं, कुंथणं टाळा.

नजर आधीपेक्षा कमी झाली, असं का?

पीआरपीनंतर मॅक्युलाला थोडी सूज येते, म्हणून पहिले काही आठवडे नजर खरोखर मंद वाटते. याचा सगळ्यात मोठा तोटा वेगळाच. पहिल्या सिटिंगआधी बरं दिसत होतं, नंतर कमी दिसायला लागलं, मग दुसऱ्या सिटिंगला कशाला जायचं, असा हिशेब माणूस करतो आणि उपचार अर्धवट राहतो. न शेकलेला भाग नव्या वाहिन्या मागवत राहतो आणि काही महिन्यांनी डोळा रक्तानं भरतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडीत पीआरपीमुळे नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून खाली आला. तो फायदा पूर्ण लेझरचा आहे. सूज जास्त असेल तर डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देऊन ती उतरवतात. त्यासाठी सिटिंग चुकवू नये.

एक किंमत मात्र कायमची, आणि ती आधी सांगितलेली बरी. मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी कडेच्या पडद्यावर जास्त असतात आणि पीआरपी नेमकं तिथेच होतं. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला आधीपेक्षा बराच वेळ लागतो, कडेनं येणारं वाहन किंवा अर्धवट उघडं दार उशिरा दिसतं. घरात बाथरूमच्या वाटेवर रात्रभर बारीक दिवा ठेवा. पायऱ्यांच्या कडांना गडद पायरीवर फिकट किंवा फिकट पायरीवर गडद पट्टी चिकटवा. रस्ता ओलांडताना नुसते डोळे फिरवू नका, मान दोन्हीकडे पूर्ण वळवा. दोन्ही डोळ्यांना पीआरपी झालं असेल तर रात्री गाडी चालवण्याआधी फील्ड तपासणी (कडेची नजर मोजणारी) करून घ्या. अनेक देशांत लायसन्ससाठी ठरावीक कडेची नजर लागते.

वयानं लहान असलेल्यांना आणखी एक अनुभव येतो: लांबचं ठीक, पण पुस्तक धूसर. जवळचं फोकस करणाऱ्या नसांना शेक लागलेला असतो. बऱ्याच जणांत ते काही महिन्यांत सुधारतं, तोवर वाचायला चष्मा लागू शकतो. पण नवा नंबर पहिल्या दोन आठवड्यांत काढू नका. सूज उतरली की तो बदलतो आणि काचा वाया जातात. साधारण सहा ते आठ आठवडे थांबा.

फोकल लेझरनंतर मधल्या नजरेजवळ बारीक करडे ठिपके काही दिवस दिसू शकतात. बहुतेक फिके पडतात, एखादा राहतो. परिणाम इतका हळू येतो की त्याचा निकाल तीन-चार महिन्यांनी लावतात. दर आठवड्याला 'फरक नाही' म्हणून निराश होण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी रोजची तपासणी, दोन मिनिटांची

दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. म्हणून एक डोळा तळव्यानं, न दाबता, झाका. समोरच्या रिकाम्या भिंतीवर एक खूण ठरवा आणि नजर तिच्यावरून हलू देऊ नका. मोकळा हात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे नेऊन बोटं हलवा. चारही बाजूंना हालचाल जाणवली पाहिजे. एखादी बाजू काल होती आणि आज काळी असेल तर ती खूण गंभीर आहे. मग वाचायचा चष्मा लावून मधोमध ठिपका काढलेला चौकड्यांचा कागद ३० सेंटिमीटरवर धरा, मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसतात का? दुसऱ्या डोळ्यानं हेच. जे दिसलं ते तारखेसह लिहून ठेवा, कारण तपासणीच्या वेळी नेमकं आठवत नाही.

लगेच निघायचं ते यासाठी

यात 'उद्या बघू' नाही, रात्र असली तरी:

– काजळीचे कण उधळल्यासारखे नवे ठिपके एकदम दिसायला लागले, किंवा लाल-काळा धूर पसरला.
– चमक अचानक वाढली.
– नजरेच्या एका बाजूनं सावली, पडदा ओढल्यासारखी, पुढे सरकतेय. डोळ्याचा पडदा सुटत असल्याची ही खूण. मॅक्युला सुटण्याआधी पोचलात तर मधली नजर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.
– डोळा प्रचंड दुखतोय, लाल आहे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, मळमळ-उलटी होतेय. मोठ्या पीआरपीनंतर आतला थर सुजून पाण्याची वाट बंद झाली तर दाब असा चढतो. याला पित्त समजून गोळी घेऊन झोपणारे वेळ घालवतात.
– पॅरासिटामॉल घेऊनही दुखणं वाढतंच आहे, किंवा नजर एकाएकी गेली.

पुढच्या भेटी

बॅराजची पहिली तपासणी सहसा एक-दोन आठवड्यांत, दुसरी महिना-दीड महिन्यानं. पहिल्या तपासणीत कुंपणात फट राहिलेली दिसली तर आणखी ठिपके देतात. तसं झालं म्हणजे कुणाची चूक झाली असं नाही. शेवटच्या पीआरपीनंतर एक-दोन महिन्यांत वाहिन्या आवळल्या का ते पाहतात, नसतील तर भर घालतात. प्रत्येक भेटीला बाहुली मोठी होणार, म्हणून सोबत माणूस आणि गॉगल हवाच. फाइलमध्ये डोळा डावा की उजवा, लेझरचा प्रकार, ठिपक्यांची संख्या आणि तारीख लिहिली आहे का ते बघा. डॉक्टर बदलावे लागले तर याच आकड्यांवर पुढचं ठरतं.

डायबेटिस असेल तर बीपी आणि एचबीए१सीचे (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचे) आकडे त्याच फाइलमध्ये ठेवा. लेझरनं पडद्याला वेळ मिळवून दिलाय, शुगर मात्र तशीच आहे. वर्षानुवर्षं चढलेली शुगर झपाट्यानं खाली आणायची ठरली असेल तर तेही डोळ्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या काळात पडद्याचा आजार थोडा उचल खाऊ शकतो आणि तपासण्या जवळजवळ घ्याव्या लागतात.

आणि दुसरा डोळा? विरलेला पडदा पुष्कळदा दोन्हीकडे असतो आणि डायबेटिस तर दोन्ही डोळ्यांत जातोच. त्याची बाहुली मोठी करून कडेपर्यंत तपासणी कधी झाली होती, हे पुढच्या भेटीत पहिल्याच मिनिटाला विचारा.